कॅपचे पैसे वेगळे, रूट कॅनालचे वेगळे

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की नाशिकमध्ये कॉलेज रोडला एका दाढेच्या रूट कॅनालचे जे पैसे सांगतात त्याच्या निम्म्यात सिडकोत काम होतं. होत असेलही. पण दोन्ही आकडे कशाचे, ते आधी विचारा. एकात कॅप (रूट कॅनालनंतर दाढेवर बसवतात ते टोपण) धरलेली असते, दुसऱ्यात नसते. शिवाय कॅप धातूवर सिरॅमिकची की झिरकोनियाची (धातूशिवायचं मजबूत सिरॅमिक), यावर लॅबचं बिल बरंच बदलतं.

खरा फरक मात्र दाढेच्या आत असतो, जो आपल्याला दिसत नाही. वरच्या पहिल्या दाढेला मुळं ३, पण नलिका (मुळांतल्या नसेच्या पोकळ्या, ज्या साफ करून भरतात) बऱ्याचदा ४. ती चौथी बारीक असते, शोधायला वेळ लागतो. राहून गेली तर काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा ठणका सुरू होऊ शकतो. म्हणून काम झाल्यावरचा एक्स-रे मागून घ्याच. रबर डॅम (काम करताना दाताभोवती लावायचा रबरी पडदा, लाळ आत जाऊ नये म्हणून) लावतात का, हेही विचारा. (काही डॉक्टरांना राग येतो, येऊ दे.)

बजेट कमी असेल तर पंचवटीतलं डेंटल कॉलेज बघा. विद्यार्थी काम करतात, पण शिक्षक तपासतात. खेपा जास्त पडतात, त्यामुळे नोकरीवाल्यांना अवघडच.