दादर ते धोबी तलाव : कोठे खावे?

प्रश्न : पुढील आठवड्यात आईसह नागपूरहून दोन दिवसांसाठी मुंबईत येत असून मुक्काम दादरला आहे. आईला मराठी फराळ आणि मला जुने इराणी हॉटेल हवे आहे. कोठे जावे?

उत्तर १ : आईंना शिवाजी पार्कजवळच्या ‘प्रकाश’मध्ये न्यावे आणि साबुदाणा वड्यानंतर पियुष मागवावे. रविवारी मात्र बरेच ताटकळावे लागते.

उत्तर २ : मेट्रो सिनेमासमोरचे, १९०४ पासून चालत आलेले ‘कयानी’ गाठावे. तेथील बन-मस्का चहात बुडवला की कपात लोण्याचे पिवळे थेंब तरंगू लागतात. नेमक्या त्याच क्षणी तो खावा, कारण थोडाही उशीर झाला तर अर्धा पाव तळाशी जातो (हे स्वानुभवाने सांगतो).

उत्तर ३ : धोबी तलावच्या ‘कयानी’ला जाण्यासाठी दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडून मरीन लाइन्सला उतरावे.