हॅमिल्टनच्या पुस्तकासोबत कोणती बिअर?

रामबागकरीण
इंदूरला आमचा सहा जणांचा वाचनकट्टा आहे, दर महिन्याला एकाच्या घरी. या वेळी पाळी माझी आणि पुस्तक ‘हॅमिल्टन’ या ब्रॉडवे संगीतिकेवरचं (अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याची गोष्ट), लिन-मॅन्युएल मिरांडा आणि जेरेमी मॅकार्टर यांचं. पोळपाटाएवढं आहे. पदांच्या कडेला मिरांडाच्या टिपा आहेत आणि पुस्तकात खरा जीव त्यांतच आहे. मागच्या बैठकीत यजमानीणबाईंनी कादंबरीला शोभेलसा दार्जिलिंग चहा दिला होता, म्हणून आता माझ्या इभ्रतीचा प्रश्न.

बेत असा: पहिला अंक युद्धाचा, त्याला गव्हाची बिअर. दुसरा राजकारणाचा, त्याला आयपीए, म्हणजे कडवट बिअर. शेवटी हॅमिल्टनचा जीव घेणारं 1804 चं द्वंद्व, त्याला स्टाउट, म्हणजे काळी बिअर. खायला भुट्ट्याचा कीस. पदं मोठ्याने वाचायची आहेत. जमेल का? आणि सासूबाई घरातच असतात. त्यांना ‘जवाचं सरबत’ म्हणून सांगावं का?

माल्टमामा
आयपीए काढ. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडूपणा एकदा जिभेवर बसला की पुढच्या बाटलीचं काही कळत नाही, आणि कीसात हिरवी मिरची, वर जिरावण मसाला, म्हणजे तिखट आणखी भडकणार. गव्हाची ठेव, पण बेल्जियन वळणाची, संत्र्याची साल आणि धणे घातलेली विट. कीसातल्या दुधाशी तिचं छान जमतं.

वॉशिंग्टन आला की पोर्टर उघड, स्टाउटसारखीच काळसर बिअर. गडी पोर्टरचा शौकीन. 1757 च्या त्याच्या वहीत कोंडा, हॉप्स आणि काकवीची हलकी बिअर कशी करायची ते त्याच्याच हातचं लिहिलेलं आहे. पोर्टर फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर राहू दे, गारढोण असली तर भाजक्या माल्टचा वासच येत नाही. सहा जणांत प्रत्येकी दोन बाटल्या नव्हे हं, प्रत्येक प्रकाराच्या दोन! रॅप आहे तो. तिसऱ्या ग्लासानंतर कुणाची जीभ वळणार आहे?

मालवी_भिया
सुरुवातीच्या गुत्त्यातल्या प्रसंगात हॅमिल्टनचा मित्र लॉरेन्स सॅम अ‍ॅडम्सचे दोन पाइंट लावून बसलेला असतो. प्रसंग 1776 चा, त्या नावाची बिअर 1984 ची. इंदुरात ती मिळाली नाही तर वाईट वाटून घेऊ नको, त्यालाही मिळाली नसती.

सयाजीबागेची आत्या
आमच्याकडे गुजरात झाल्यापासून दारूबंदी, त्यामुळे माझं ज्ञान ऐकीव. पण गंमत बघ, गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते आमच्याच बडोद्यात, 1919 च्या फेब्रुवारीत. गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. पदं गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची. तळीरामाचं आर्यमदिरामंडळ ज्या गावानं सगळ्यांच्या आधी पाहिलं, तिथे आज मी लिंबू सोडा पीत हे लिहितेय.

सरबत वगैरे सांगू नको बाई. सासूला वास कळतो. मी सून होते तेव्हाही कळायचा, आता सासू आहे, आताही कळतो.

रामबागकरीण
झाली बैठक. पोर्टर मिळाली नाही, स्टाउटवर भागवलं. मामा, वीस मिनिटांचं अगदी खरं. आधी नुसतं गार पाणी लागत होतं, मग कॉफीचा वास सुटला. विट आणि कीस एकदम फर्मास.

रंगलं मात्र मंत्रिमंडळातलं भांडण, राज्यांची कर्जं केंद्रानं घ्यावीत का यावरचं. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काका हॅमिल्टनच्या बाजूने असे काही उसळले की जेफरसन वाचणारीला ओळ सापडेना. काकांनी फक्त ताक घेतलं होतं. द्वंद्वाच्या पानांना कुणी ग्लासाला हातच लावला नाही, दीड बाटली उरली.

सासूबाईंना खरं सांगितलं. त्यांनी ग्लास हुंगला, “धणे आहेत की गं,” म्हणाल्या, आणि कीसात मीठ कमी पडलंय असं सांगून आत गेल्या.

आत्या, पुढच्या महिन्यात ‘एकच प्याला’. घर काकांचं, तेव्हा प्यायला काय ते त्यांनी ठरवायचं.