तख्त-इ-बाहीच्या मूर्तींना ‘ग्रीक बुद्ध’ का म्हणायचं?

पाथरवट: पाकिस्तानातल्या मर्दान जिल्ह्यातला तख्त-इ-बाहीचा विहार १९८० पासून जागतिक वारसा यादीत आहे. डोंगरावर स्तूपाचं अंगण, भिक्खूंच्या खोल्या, मूर्तींचे कोनाडे. तिथल्या मूर्तीचा फोटो कुणी टाकला की खाली लगेच ‘ग्रीक बुद्ध’ येतं. मला ते साफ खटकतं. तख्त-इ-बाही ज्या प्राचीन प्रदेशात येतं, त्या गांधारातली ग्रीक सत्ता इसवी सनाआधीच मावळली होती. ही शिल्पकला बहरली कुषाणांच्या काळात. राजा कुषाण, धर्म इथला, हात स्थानिक, मग श्रेय अथेन्सला का?

यवनप्रेमी: पूर्ण असहमत. सत्ता गेली म्हणून कसब जात नाही. मूर्ती जवळून बघा. संघाटीच्या, म्हणजे भिक्खूच्या पांघरायच्या वस्त्राच्या, जाड चुण्या खांद्यावरून तिरक्या उतरतात, एक गुडघा किंचित वाकलेला आणि कापडाआडूनही तो जाणवतो. केस लाटांसारखे मागे घेऊन वर बांधलेले. अफगाणिस्तानात हड्ड्याजवळ तपा शोतोरला तर बुद्धाचा रक्षक वज्रपाणी याच्या खांद्यावर सिंहाचं कातडं होतं, म्हणजे उघड ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीस! युद्धात ते शिल्प नष्ट झालं, याची हळहळ आजही वाटते.

लेणीवेडा: चुण्यांचं म्हणाल तर त्या रोमन पुतळ्यांशीही तितक्याच जुळतात, आणि कुषाणकाळात रोमशी व्यापार जोरात होता. मला मात्र कार्ल्याची आठवण होते. तिथल्या चैत्यगृहातले कितीतरी खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेत, तसे लेखच कोरलेत. वर बघावं तर हत्तींवर बसलेली जोडपी, घडण अस्सल दख्खनी. पैसा यवनांचा असूनही शैली ठरवली ती घडवणाऱ्यांनी.

यवनप्रेमी: मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत! गांधारच्या कारागिरांच्या हाताला ते वळण होतं म्हणूनच तिथे तसं घडलं. शेजारच्या बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या बाजूला, आय-खानुम या शहरात ग्रीकांचं नाट्यगृह आणि व्यायामशाळा होती, कोरिंथियन खांब होते. वळण आलं ते तिथूनच.

पाथरवट: वळण आलं, मान्य. पण गांधारात त्याच कोरिंथियन खांबशीर्षाच्या पानांत बुद्ध बसवलाय. भुवयांमधला ऊर्णा नावाचा ठिपका, राजपुत्रपणीच्या जड कुंडलांनी लोंबलेले कान, डोक्यावरचा उष्णीष नावाचा उंचवटा, यातलं काय ग्रीसहून आलं? ‘गांधार’ हे नाव असताना ‘ग्रीक’ कशाला?

यवनप्रेमी: ‘गांधार’ जरूर म्हणा. पण त्या नावाआड यवनांचा वाटा पुसला जाणार असेल, तर मी दर वेळी आडवा येणार.