हायपर आणि हायपो एकाच कार्डावर? अर्जंट मदत हवी

डिचोलीकर७: आईच्या डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत हायपरटेन्शन आणि लगेच खाली हायपोनेट्रेमिया. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी ना, मग दोन्ही एकदम कसं? टायपिंग चुकलंय का? आणि जेवणात मीठ घालायचं की नाही ते कोणीतरी सरळ सांगा.

सुलभा_फोंडा: सोडियम किती आलंय? वय काय? गोळ्या कुठल्या चालू आहेत? हे न सांगता कोण काय सांगणार.

म्हापशेकर: चुकलेलं नाही. नुसतं हायपर-हायपो बघून चालत नाही, काय जास्त आणि काय कमी ते पुढच्या शब्दात असतं. टेन्शन म्हणजे इथे रक्ताचा दाब, तो जास्त. नेट्र म्हणजे नेट्रियम म्हणजेच सोडियम, ईमिया म्हणजे रक्तात, सोडियम रक्तात कमी. दोन्ही एका माणसाला असू शकतं. तसंच हायपोकॅलेमिया पोटॅशियमचं, हायपोग्लायसेमिया साखरेचं.

रानातला: एवढं कशाला, पेजेत मीठ आणि सोबत खारातलं तोर, म्हणजे मिठातली कैरी, द्या, आमच्या आजीला लगेच तरतरी आली होती.

सुलभा_फोंडा: बीपीवाल्या बाईला असं नका सांगू हो! सोडियम दर वेळी मीठ कमी खाऊन उतरत नाही, कितीदा अंगात पाणी जास्त होऊन उतरतं नाहीतर लघवीच्या गोळीने. वॉर्डात रोज बघते मी.

रानातला: गोळ्या यायच्या आधी लोक पेजेवरच जगले ना.

साखळीचे_सर: हायपर म्हणजे आपलं उपरि, हायपो म्हणजे उप, आणि ॲनिमियातला अन् तो अनादीतलाच. ग्रीक आणि संस्कृत एकाच घरातल्या, विद्यार्थ्यांनी असंच पाठ करावं.

म्हापशेकर: सर, उप म्हणजे जवळ पण होतं, पोरं गोंधळतील. आणि इथे परीक्षा कोणाची आहे?

डिचोलीकर७: सोडियम १२६, वय ७१. बीपीची एकच गोळी आहे. पाणी खूप पिते, शेजारच्या काकी सांगतात म्हणून.

सुलभा_फोंडा: पाकिटावरचं पूर्ण नाव वाचा.

डिचोलीकर७: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड.

सुलभा_फोंडा: हेच विचारत होते! एका गोळीत दोन औषधं आहेत, दुसरं लघवीचं, त्याने सोडियम उतरू शकतं, वयस्कर बायकांत जास्तच. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. मनाने बंद करू नका, आत्ताच डॉक्टरांना फोन करून विचारा, हीच गोळी ठेवायची का, पाणी किती, मीठ किती. आई झोपाळली, बरळायला लागली, फिट आली तर थेट १०८ लावा.

डिचोलीकर७: फोन लागला. गोळी बदलतायत, पाणी मोजून द्यायला सांगितलं, वरून मीठ नको, उद्या परत रक्त. आता तळाला डिस्लिपिडेमिया दिसतंय, हा डिस कमी की जास्त?

म्हापशेकर: दोन्ही नाही, डिस म्हणजे बिघडलेलं. रक्तातल्या चरबीचं प्रमाण बिघडलंय, कुठली किती ते आकड्यांवरून कळेल. लिपिड प्रोफाइल टाका इथे.