मार्चअखेर संपणाऱ्या मालिका: ‘घरची मंडळी’ ग्रुपवरचा रविवार

रविवार, १७ मार्च २०२४

मी: शुक्रवारी ‘फ्रीरेन’ या जपानी अ‍ॅनिमेचा (चित्रांच्या मालिकेचा) २७वा भाग झाला, काल रात्री ‘अपोथेकरी डायरीज’ या दुसऱ्या अ‍ॅनिमेचा २३वा. दोन्हींचा आता एकेकच भाग उरलाय. ज्यांचं बघून झालेलं नाही त्यांनी पुढचे मेसेज नंतर वाचा, कारण मी शेवटाबद्दल मोकळेपणी बोलणार आहे.

डिचोलीची मावशी: सगळंच एकदम कसं गो संपतंय? आमच्याकडे मालिका सुरू झाली की पोरं शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत चालते.

मी: मावशी, जपानी टीव्हीवर वर्षाचे चार हंगाम असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला नव्या मालिका लागतात. एका हंगामात साधारण १२-१३ भाग बसतात. फ्रीरेन आणि अपोथेकरी दोन-दोन हंगामांच्या, म्हणून २८ आणि २४ भाग. सोलो लेव्हलिंग एकाच हंगामाची, १२ भागांची. एप्रिलपासून नव्या लागायच्या, म्हणून या तिन्ही मार्चअखेर आटपतात.

छोटू: सोलोचा कालचा दहावा भाग भारी होता!! फ्रीरेन स्लो आहे ताई. खरंच सांगतो.

वास्कोचा दादा: तुझी दहावीची परीक्षा तोंडावर आलीय ना रे? दहावा भाग कुठून बघितलास?

छोटू: जेवताना.

मी: माझं मत आधी मांडते, मग भांडा. पुस्तक पुढे चालू असताना टीव्हीवरचं पर्व संपवायचं असेल, तर एक तरी हिशेब पुरता चुकता करून संपवावं. सगळंच टांगतं ठेवून ‘भेटू पुढच्या पर्वात’ म्हणणं मला पटत नाही. बघणाऱ्याने सहा महिने दर आठवड्याला वेळ काढलेला असतो.

फ्रीरेनने परवा ते केलं. जादूगारांच्या परीक्षेच्या तिसऱ्या फेरीत झेरिए एकेकाला समोर बोलावते. झेरिए म्हणजे पुराणकाळापासून जगत आलेली एल्फ (माणसांहून कितीतरी जास्त जगणारी जमात, फ्रीरेनही त्यातलीच), फ्रीरेनच्या गुरूची गुरू. ती विचारते, तुला सगळ्यात आवडती जादू कोणती? समोर उभी असलेली फ्रीरेन हजार वर्षं जगलेली, दानवराजाला मारणाऱ्या चौघांपैकी एक. ती सांगते, फुलांचा मळा उमलवणारी. झेरिएच्या लेखी ती बिनकामाची जादू. फ्रीरेन नापास.

पण त्या चौघांचा म्होरक्या हिम्मेल लहान असताना रानात वाट चुकला होता, तेव्हा त्याने तीच जादू पाहिली होती. मोठेपणी फ्रीरेनला सोबत घ्यायला गेला तो त्या आठवणीमुळे. पहिल्या भागात त्याला पुरताना ती रडते, कारण दहा वर्षं बरोबर चालूनही या माणसाला आपण ओळखून घेतलं नाही असं तिला वाटतं. आणि आता, उत्तर बदललं असतं तर पास झाली असती, तरी ती बदलत नाही. माझ्यासाठी हिशेब तिथे पुरा झाला. शेवटच्या भागात नुसता निरोप दाखवला तरी मी समाधानी आहे.

फोंड्याचे काका: तुझ्या सांगण्यावरून मी सुरू केली होती. पहिले चार भाग फार आवडले. पुढेही बरी चालली होती, पण ती परीक्षा लागली आणि माझा धीर सुटला. इतकी नवी माणसं, इतकी नावं! आणि तो कुऱ्हाडवाला पोरगा कुठे गेला?

मी: काका, तुमचं बरोबर आहे, स्टार्कचं मलाही खटकतं. परीक्षा जादूगारांची आणि तो लढवय्या, म्हणून १८व्या भागापासून तो जवळजवळ बाजूलाच बसलाय. फ्रीरेनची शिष्या फर्न आणि त्याची कुरबुर हा या मालिकेचा जीव होता. तो दहा भाग दुरावला. पहिल्या फेरीत पक्षी पकडायचे होते, तिथेही दोन-तीन तुकड्यांच्या हाणामाऱ्या आटोपत्या घेता आल्या असत्या.

पहिले चार भाग तुम्हाला आवडले त्याला कारण आहे. सप्टेंबरात जपानमध्ये ते चारही एकाच रात्री लागले, शुक्रवारी जिथे सिनेमा लावतात त्या वेळेत. त्यामुळे ते सिनेमासारखे सलग लागतात.

पण काका, दुसरी फेरी तेवढी बघाच. थडग्याच्या तळघरात प्रत्येकाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहते, आणि फ्रीरेनला स्वतःशीच लढावं लागतं. तिला हरवायचं कसं हे फक्त फर्नला ठाऊक. मंत्र टाकताना फ्रीरेनची दुसऱ्याची शक्ती ओळखण्याची जाणीव क्षणभर थांबते, हे शिष्येने इतकी वर्षं शेजारी राहून टिपलेलं. हे ती गुरूला तोंडावर सांगते आणि गुरू ऐकून घेते. शिवाय फर्नचं मुख्य अस्त्र काय, तर झोल्ट्राक हा मंत्र. तिसऱ्या भागातला दानव क्वाल आठवतो? माणसांना मारणारा तो मंत्र त्याने शोधला, म्हणून त्याला ८० वर्षं दगडात बंद केलं. तो बाहेर येतो तोवर माणसांनी त्याच्या मंत्राचा इतका अभ्यास केलेला असतो की ती आता शिकाऊ पोरांची साधी जादू झालेली असते. क्वालचा चेहरा त्या वेळी कसा होतो ते बघा परत. त्याला काहीच कळत नाही, आणि आपल्याला त्याच्याबद्दल वाईट वाटतं.

फोंड्याचे काका: ते आठवतं. बरं, बघतो उरलेली. शिगम्याच्या तालमी चालू आहेत, रात्री उशिरा घरी येतो तेव्हा एकेक.

म्हापश्याची मामी: दुकान आत्ता बंद केलं, आता वाचलं सगळं. मला त्या एल्फचं काही कळत नाही, मी अपोथेकरीवाली. त्यातली औषधं आणि विषं ओळखणारी माओमाओ माझी आवडती. पहिल्याच भागात राजवाड्यातली बाळं दगावतात आणि ती ओळखते की आयांच्या तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत विष आहे. शिशाची पावडर. ते खरं आहे. जुन्या काळी चेहरा गोरा दिसावा म्हणून शिसं लावत.

आणि तो मधाचा भाग! कोवळ्या बाळाला कौतुकाने मध दिला आणि बाळ गेलं. मी तो भाग बघून खूप वेळ गप्प बसले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका हे मी काउंटरवरून रोज सांगते. मधात कधी कधी जंतूंची बीजं असतात, मोठ्यांना काही होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ती वाढतात आणि विष तयार होतं. बाळ लुळं पडतं, श्वास अडकतो. तरी आपल्याकडे बारशाला सासवा बोट बुडवतातच. मालिकेत ज्या बाईने दिला तिच्या मनात पाप नव्हतं. तेच मला लागलं.

डिचोलीची मावशी: वहिनी, माझ्या धाकट्याला सासूबाईंनी चाटवला होता. देवाने सांभाळलं.

मी: मामी, हे तू लिहिलंस ते किती बरं झालं. मला अपोथेकरी आवडते ती याचसाठी. माओमाओ कुणाला धडा शिकवत नाही. कारण शोधते, आणि ते कळल्याने कुणाचं घर मोडणार असेल तर तोंड बंद ठेवते. मधाच्या वेळी तिने तेच केलं.

कालचा भाग बघितलास ना?

म्हापश्याची मामी: बघितला. माओमाओचा बाप लाकान मला डोळ्यांसमोर नको होता आधी. काल मत बदललं.

मी: माझंही. त्याला माणसांचे चेहरेच दिसत नाहीत, सगळे सोंगट्यांसारखे. त्याला पहिल्यांदा स्पष्ट दिसते ती पटावर त्याला हरवणारी कोठीवरची फेंगशिएन, माओमाओची आई. आणि तिच्यापासूनच तो दुरावतो. इतक्या वर्षांनी ती आजाराने विद्रूप झालेली, भान हरपलेली, मागच्या खोलीत टाकून दिलेली. तो तिचं गाणं ऐकतो, आणि कोठीवरच्या सगळ्या देखण्या बायका सोडून तिलाच सोडवून नेतो. लेखिकेने त्याला माफ केलेलं नाही, माओमाओने तर नाहीच. पण तिच्या आईचा हिशेब चुकता झाला. पुढच्या शनिवारी शेवटचा भाग कसाही असो, हे पर्व मला अपुरं वाटणार नाही.

डिचोलीची मावशी: आजी शेजारी बसलीय, ती विचारते, नखं रंगवली ती कशाने? मी अपोथेकरीचा २२वा भाग लावला होता तेव्हा तिने तेवढंच बघितलं.

मी: तेरड्याच्या फुलांनी, आजी. सोबत आंबुटीचा पाला ठेचून घालतात.

डिचोलीची मावशी: (आजी सांगते, मी टाइप करतेय.) आम्ही पण करायचो. चवथीच्या दिवसांत कुंपणापाशी तेरडा माजायचा. फुलं दगडावर ठेचायची, नखांवर थापायची, वर पान गुंडाळून दोऱ्याने बांधायचं आणि तसंच झोपायचं. सकाळी केशरी नखं. आई ओरडायची, कारण उशीवर डाग पडायचे. आणि त्याच्या बोंडाला नुसतं बोट लावलं की ते फुटून बी लांब उडते, ते त्यांनी दाखवलं का?

मी: आजी, त्या दोन्ही झाडांचा तोच गुण गोष्टीत आहे. तेरडा आणि आंबुटी, दोन्हींच्या शेंगा हात लागताच फुटतात. कालच्या भागाला नावच त्या दोघांचं आहे.

डिचोलीची मावशी: आजी म्हणते, मग लिहिणारी बाई परसात वाढलेली असणार.

छोटू: सोलोबद्दल कोणीच बोलत नाही 😤

मी: बोलते. दुसरा भाग, त्या दगडी पुतळ्यांच्या देवळातला, या हंगामातल्या सगळ्यात थरारक भागांपैकी एक आहे. संगीत जबरदस्त. पण नायक जिनवू बलवान झाल्यापासून मला त्याची काळजी वाटेनाशी झाली. लढाई सुरू होण्याआधीच माहीत असतं, हा जिंकणार. दहावा भाग संपला, दोन उरले, आणि कोणता हिशेब चुकता होणार ते मला दिसत नाही.

छोटू: तो आईसाठी लढतोय ताई! ती झोपेच्या आजारात आहे. बहिणीची फी भरायची आहे. रोज १०० जोर, १०० बैठका, १०० सिट-अप, १० किलोमीटर पळणं, ते चुकलं तर शिक्षा. सगळ्यात कमकुवत होता, सगळे हसायचे त्याला. त्याला जिंकताना बघायला मला आवडतं. दर वेळी हरायचीच भीती का पाहिजे?

वास्कोचा दादा: छोटूच्या बाजूने एक. सोलो ज्या कोरियन चित्रमालिकेवरून केली ती मी वाचली होती. तिची चित्रं काढणारा कलाकार २०२२ मध्ये गेला. त्याची ती चित्रं आता हलताना बघतो तेव्हा माझ्यासाठी कथेपलीकडचं काहीतरी असतं. गोष्ट साधी आहे, मान्य.

मी: दादा, हे मला ठाऊक नव्हतं. आणि छोटू, तुझा प्रश्न रास्त आहे. कुणाला तरी वर चढताना बघणं हाही आनंद आहे, तो मी नाकारत नाही. माझं म्हणणं शेवटापुरतं. १२व्या भागात आईचा किंवा बहिणीचा धागा जरा तरी पुढे नेला, तर मी इथेच लिहीन की तू बरोबर होतास.

फोंड्याचे काका: यात मला बोलू दे. जत्रेच्या नाटकात मी वीस-बावीस वर्षं तोंड रंगवतोय. पहाटे चार वाजले तरी लोक बसून असतात, कारण त्यांना ठाऊक असतं की आज सुरू झालं ते आज संपणार. कथानक पुराणातलं, शेवट सगळ्यांना पाठ, तरी तो रंगमंचावर झालेला बघायचा असतो. उद्या रात्री या, मग राक्षस मारू, असं आम्ही सांगितलं तर पुढच्या वर्षी देवळाची कमिटी आम्हाला बोलावणार नाही.

मी: काका, हेच. मला हे तुमच्यासारखं सांगता आलं नसतं.

छोटू: पण काका, कमिटी तुम्हाला परत बोलावते कारण लोकांना अजून हवं असतं ना? मग थोडं शिल्लक ठेवलं तर काय बिघडलं?

फोंड्याचे काका: शिल्लक ठेव की. आमचं एक आख्यान संपतं, पुराण संपत नाही. माझं म्हणणं एवढंच की जे आख्यान लावलं ते पुरं कर.

म्हापश्याची मामी: मला शनिवारी एकच भीती आहे. शेवट म्हणून माओमाओ आणि राजवाड्यातला तो देखणा अधिकारी जिन्शी यांचं घाईघाईने जुळवून टाकतील.

मी: तसं केलं तर मलाही आवडणार नाही. जिन्शी तिच्या मागे आहे आणि तिला औषधी मुळ्यांत जास्त रस आहे, ही त्यांची जोडी आहे. त्याने तिला एखादं दुर्मीळ औषध द्यावं आणि तिने त्याच्याकडे न बघता पुडी उघडावी. मला तेवढं पुरे.

म्हापश्याची मामी: अगदी!

डिचोलीची मावशी: आजीला आता पहिल्यापासून बघायचंय म्हणते, त्या शिशाच्या पावडरीपासून. खालची अक्षरं वाचणं तिला जमणार नाही, मी शेजारी बसून सांगेन. किती भाग लावू एका वेळी?

मी: पहिले तीन एकाच बैठकीत लाव मावशी, जपानमध्येही ते तीन एकत्रच लागले होते. मग रोज एक. मधाच्या भागाच्या आधी आजीला थोडी कल्पना दे.