मदत हवी आहे : टर्नरच्या व्हेनिसची नक्कल, आकाश आणि पाणी जमत नाही (जलरंग)

कुंचला_सोलापूर
इंग्रज चित्रकार टर्नरने १८४० साली व्हेनिसमध्ये केलेल्या जलरंगांपैकी, ग्रँड कॅनालच्या काठावर सांता मारिया देल्ला सालुते या चर्चचे घुमट दिसतात त्या चित्राची नक्कल करतोय. कागद ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खरखरीत), ११ × १५ इंच. रंग कोबाल्ट (निळा), अल्ट्रामरीन (गडद निळा), रॉ सिएना (पिवळसर तपकिरी), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) निम्म्यावर येईस्तोवर वरचा भाग वाळतो आणि आडवी रेघ पडते. घुमटांच्या पायथ्याशी रंग सोडला की दातेरी कडेचा डाग फुटतो. आणि प्रतिबिंब इमारत उलटी करून चिकटवल्यासारखं दिसतं. काय करावं?

ओला_कागद
रेघ पडते ती आपल्याकडच्या कोरड्या हवेमुळे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी वॉशला हात लावूच नका. सकाळी सातच्या आत बसा आणि पंखा बंद ठेवा. कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, मागची बाजू ओली राहिली की पुढची बराच वेळ ओल धरते. वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे २-३ थेंब टाकले तर आणखी सवड मिळते. जास्त टाकलंत तर रंग चिकट राहतो.

वॉश आधीच कालवून ठेवा, या मापाच्या कागदाला दोन मोठे चमचे भरून तरी. मध्येच रंग संपला आणि पुन्हा कालवायला गेलात की रेघ ठरलेलीच. बोर्डाच्या मागच्या कडेखाली ४-५ सेंमी जाडीचं पुस्तक ठेवा. प्रत्येक फटक्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ साचतो, पुढचा फटका त्यालाच धरून ओढा. झालेल्या भागावर परत ब्रश फिरवू नका.

डाग फुटतो कारण ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा जास्त असतं. ते अर्धवट वाळलेला रंग बाहेर ढकलतं आणि तो कडेला साचतो. ब्रश फडक्यावर टिपून, दाट रंग घेऊनच टेकवा.

पाणरेषा
प्रतिबिंबाबद्दल. संथ पाण्यात ते सरळ खाली उतरतं, पाणरेषेपासून (वस्तू पाण्याला टेकते तिथून) मोजलं तर जवळपास वस्तूएवढंच. पण उजळ भिंतीचं प्रतिबिंब भिंतीपेक्षा थोडं गडद, आणि काळ्या नावेचं नावेपेक्षा थोडं फिकट, कारण पाण्याचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो. तुम्ही दोन्हीकडे एकच छटा वापरत असाल, म्हणून ते चिकटवल्यासारखं वाटतं. शिवाय लाटांमुळे प्रतिबिंब आपल्याकडे लांबत येतं आणि खालच्या टोकाला तुटतं. तुटक फटके लांबच्या पाण्यात बारीक नि दाट, जवळ रुंद नि विरळ.

एक दिवस सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी बसून भुईकोट किल्ल्याच्या तटाचं पाण्यातलं प्रतिबिंब नीट बघा. हे सगळं तिथे समोर दिसतं, आणि नकलेपेक्षा लवकर समजतं.

रंगाआधी एक नक्कल फक्त बर्न्ट सिएनात करा, फिकट ते गडद अशा पाच छटांत. टर्नरची ही चित्रं उभी आहेत ती कोऱ्या सोडलेल्या कागदाच्या जोरावर. पेन्सिलची हलकी रेघ, त्यावर पातळ वॉश, आणि बारकावे शेवटी टोकदार लेखणी रंगात बुडवून. घुमटाची उजेडाची बाजू पांढऱ्या रंगाने परत आणायला जाऊ नका.

कुंचला_सोलापूर
दुसरा थर केव्हा द्यायचा, हे नेमकं कसं ओळखायचं? हेअर ड्रायर चालेल का?

ओला_कागद
कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरा. चकाकी असेल तर रंग पसरेल. मंद झळाळी उरली असेल तर कड मऊ येईल, सालुतेचे लांबचे घुमट याच वेळी टाका. चकाकी गेलीय पण बोटांची मागची बाजू टेकवल्यावर गार लागतंय, तर थांबा, सगळ्यात जास्त डाग इथेच फुटतात. गारवा गेला की दुसरा थर द्या. ड्रायर चकाकी गेल्यावरच, फूटभर लांबून. आधी लावलात तर साचलेला रंग भलतीकडे पळतो.

आणि राखाडी गढूळ होऊ नये म्हणून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, दोनच रंग. कोबाल्ट आकाशापुरता राहू द्या.