सोलची राणीबाग

जोशी काकू (बी-२०४): नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं कोरियाला निघालोय, लेकाकडे. त्याला सुट्टी फक्त शनिवार-रविवार. नातवाला वाघ बघायचाय, मला झाडं-फुलं आणि ह्यांना दर दहा पावलांवर बाक. तिकडे प्राणी आणि बाग एकाच आवारात आहे म्हणे. कुणी गेलंय का?

मेघना (सी-५०३): काकू, आम्ही टूरबरोबर गेलो होतो. राजवाडा, टॉवर, मार्केट की झालं. प्राणी वगैरे काही दाखवलं नाही. निनादला विचारा ना, तो अजून आहे ग्रुपवर.

सेक्रेटरी: उद्या टाकी सफाई, १० ते १. पाणी भरून ठेवावे ही विनंती 🙏

निनाद (ए-७०१, सध्या सोलजवळ सुवॉनला): आहे की. मेंटेनन्स भरतो तोवर ग्रुप सोडत नाही 😄 काकू, एकत्र असलेल्या तीन जागा आहेत. म्हणजे खरं तर दोन, आणि तिसरी पूर्वी होती. मोठी ती सोल ग्रँड पार्क, ग्वाचन गावात, डोंगराच्या पायथ्याशी. दुसरी चिल्ड्रन्स ग्रँड पार्क, शहरातच, आणि प्रवेश फुकट. तिसरी म्हणजे छांगग्यंगगुंग राजवाडा. तिथले प्राणी गेले, काचघर राहिलं. माझं ऐकाल तर शनिवारी संध्याकाळी राजवाडा आणि रविवारी सकाळी ग्रँड पार्क. ह्याच क्रमाने.

जोशी काकू: राजवाड्यात प्राणी?

निनाद: सांगतो, जेवून येतो.

सावंत काका (सी-१०२): वहिनी, राणीबाग आपल्या इथून वीस मिनिटांवर. तिथेही बाग आणि प्राणी एकत्रच आहेत, बाग तर १८६२ पासूनची. ब्रिटिशांनी बाग केली, जनावरं मागाहून आली. तिथली गोरखचिंच आणि उर्वशीचं झाड बघितलंत का कधी? कोरियाला चालल्यात.

जोशी काकू: भावोजी, उर्वशी बघितलीये. फुलली होती तेव्हा तुम्हीच अख्ख्या विंगला घेऊन गेला होतात. लेक मात्र भायखळ्यात राहत नाही ना, काय करू!

ईशान (बी-३०१): राणीबागेतले पेंग्विन कोरियाचेच आहेत.

सावंत काका: पेंग्विन दक्षिण अमेरिकेचे असतात. शाळेत काय शिकवतात?

ईशान: काका, जात पेरू-चिलीची, हम्बोल्ट. पण आपल्याकडे आले ते सोलच्या कोएक्स मत्स्यालयातून. २०१६ च्या जुलैत, आठ. लोकांना बघायला २०१७ च्या मार्चमध्ये खुले केले.

मेघना: हो, तेव्हा पेपरात रोज पेंग्विनच असायचे.

निनाद: आलो. राजवाड्याचं ऐका. छांगग्यंगगुंग बांधला १४८३ साली, राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या राण्यांसाठी. १९०७ मध्ये जपान्यांनी कोजोंग राजाला गादीवरून उतरवलं, मुलाला, सुनजोंगला, बसवलं आणि शेजारच्या राजवाड्यात आणून ठेवलं. मग ‘नव्या राजाचं मन रमावं’ म्हणून लागूनच असलेल्या छांगग्यंगगुंगमधल्या इमारती पाडल्या आणि तिथे पिंजरे आणि काचघर उभं केलं. १९०९ मध्ये सगळ्यांना खुलं. १९११ मध्ये नावातला ‘महाल’ काढून ‘बाग’ केलं. वर चेरीची झाडं लावली, रात्री दिवे लावून लोक चेरी बघायला यायचे. राजाच्या अंगणात माकडांचा पिंजरा आणि त्यासमोर तिकीट काढून आलेली गर्दी. मन कुणाचं रमलं ते समजून घ्या.

निनाद: राजा स्वतः शेती करायचा, दाखवण्यापुरती का होईना, ती भातखाचरंही तिथेच होती. ती खणून तळं केलं, होड्या सोडल्या. ते तळं अजून आहे. हिवाळ्यात त्यात मॅन्डरीन बदकं असतात, नर इतका रंगीत की रंगवल्यासारखा वाटतो.

सावंत काका: हे माहीत नव्हतं. पुढे?

निनाद: पुढचं वाईट आहे काका. १९४५ मध्ये युद्ध हरत आलं तेव्हा बॉम्बहल्ल्यात पिंजरे फुटून जनावरं सुटतील म्हणून जपान्यांनी मोठ्या प्राण्यांना विष घालून मारलं. उरलेली कोरियन युद्धात गेली, शहरच रिकामं झालं होतं, चारा कोण घालणार. युद्धानंतर पुन्हा प्राणी आणले. आणि गंमत म्हणजे पुढची तीस वर्षं सोलच्या लोकांची सहलीची आवडती जागा तीच. इथल्या म्हाताऱ्यांना विचारा, लहानपणीचा फोटो हमखास तिथला, मागे हत्ती नाहीतर चेरी. १९८३ मध्ये सरकारने ठरवलं की राजवाडा पुन्हा राजवाडा करायचा. पिंजरे हलवले, नाव परत दिलं, आणि प्राण्यांसाठी १९८४ च्या १ मे ला ग्वाचनला ग्रँड पार्क उघडलं. चेरीची झाडंही उपटून काही तिकडे नेली, काही नदीकाठी यॉइदोला.

मेघना: अरे, यॉइदोला आम्ही फोटो काढलेत! गाइड एक अक्षर बोलली नाही ह्याबद्दल.

निनाद: म्हणून म्हटलं आधी राजवाडा. नातवाला वाघ दिसेल तेव्हा काकूंना माहीत असेल तो कुठून कुठे आला.

सावंत काका: मग काचघर का ठेवलं? तेही जपान्यांचंच.

निनाद: बरोब्बर प्रश्न. तेही पाडा म्हणणारे आहेत, पण ते कोरियातलं पहिलं पाश्चात्त्य पद्धतीचं काचघर, १९०९ चं, वारसा म्हणून नोंदवलेलं. मला विचाराल तर ठेवलं ते बरं केलं. पांढरी चौकट, लाकूड आणि लोखंड, दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर. छपराच्या कण्यावर ओळीने पाच पाकळ्यांची फुलं आहेत, ती कोरियाच्या राजघराण्याची खूण. म्हणजे ज्याचं घर पाडलं त्याचंच चिन्ह डोक्यावर. काकू, वर मान करून बघा, लोक आत शिरतात आणि कुंड्याच बघत बसतात. आत कोरियातलीच झाडं आहेत, बोन्साय, नेची, कीटक खाणाऱ्या वनस्पती. लहान आहे, वीस मिनिटांत होतं. संध्याकाळी जा, आतून दिवे लागतात. राजवाडा रात्री ९ पर्यंत उघडा असतो, ८ च्या आत शिरा. तिकीट १००० वॉन, पासष्टच्या पुढच्यांना माफ. सोमवारी बंद.

जोशी काकू: म्हणजे ह्यांना फुकट, मला नाही. वय लपवल्याचा तोटा.

जोशी काका (बी-२०४): पासपोर्टवर लपत नाही.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत.

सावंत काका: शिर्केसाहेब, टाकीचा मेसेज सगळ्यांनी वाचला आहे. चालू दे.

जोशी काकू: ग्रँड पार्कचं सांग रे. हे चालतील का?

निनाद: उलटं करायचं. बहुतेक जण खालच्या दाराने शिरतात, फ्लेमिंगो, जिराफ करत चढत जातात आणि वाघापर्यंत पोचेतो मूल कडेवर आणि आजोबा बाकावर. जागा डोंगराच्या उतारावर आहे, वाघ, सिंह सगळ्यात वर. त्यामुळे पाळणा, म्हणजे तारेवरून जाणारी उघडी खुर्ची असते ती, घ्यायचा. दोन टप्पे आहेत. पहिला तळ्यावरून प्राणिसंग्रहालयाच्या दारापर्यंत, दुसरा दारापासून थेट वर वाघांपाशी. तिथे उतरायचं आणि मग दिवसभर फक्त उतरत यायचं. वारा-पाऊस असला की पाळणा बंद, तेव्हा निघण्याआधी लेकाला फोनवर बघायला सांगा.

जोशी काका: खुर्ची थांबते की चालत्यात बसायचं?

निनाद: चालत्यात काका. जमिनीवर पावलं रंगवलेली असतात, त्यावर उभं राहायचं, खुर्ची मागून येऊन गुडघ्यांच्या मागे टेकते, की बसायचं. माणूस वरून दांडा खाली ओढतो. पाय लोंबते, खाली तळं. चप्पल घालून जाऊ नका, बूट घाला. नकोच वाटलं तर हत्तीगाडी आहे, रस्त्यावरची, हत्तीचं तोंड लावलेली. ती तळ्याला वळसा घालून दारापर्यंत नेते.

जोशी काका: हत्तीगाडी.

जोशी काकू: पाळणा. नातवाबरोबर मी बसते, हे गाडीने येतील. पण मग वर कसे येणार?

निनाद: काका दारापाशी थांबू शकतात, आफ्रिकेचे प्राणी तिथेच खाली आहेत, चढ फारसा नाही. तुम्ही वरून उतरत या. आणि बागेचं काचघर आतच आहे, वेगळं तिकीट नाही. प्राणिसंग्रहालयाचे मोठ्यांना ५००० वॉन, त्यातच. निवडुंग, ऑर्किड, केळीसारखी आपल्याकडची झाडं. थंडीत लोक तिथे फुलांपेक्षा उबेसाठी शिरतात, चष्म्यावर वाफ धरते. एप्रिलच्या सुरुवातीलाही सकाळी गारठा असतो, स्वेटर असू द्या.

निनाद: गुलाबाची बाग मात्र बाहेर, वेगळ्या तिकिटाची, आणि तुमच्या वेळेला तिथे नुसत्या काटक्या. गुलाब मे अखेरीला. ती सोडा. चेरी मिळेल, तळ्याकाठी. शहरापेक्षा तिकडे थोडी उशिरा फुलते, त्यामुळे शहरातली गळायला लागली तरी हिरमुसू नका.

सावंत काका: प्राण्यांची अवस्था कशी? खरं सांग. मी राणीबागेत झाडांसाठी जातो, पिंजऱ्यांकडे बघवत नाही.

निनाद: आधीपेक्षा बरी. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेचं प्रमाणपत्र मिळालंय, ते काही चहापाण्यावर मिळत नाही. डॉल्फिनचे खेळ बंद केले. जेडोल नावाचा डॉल्फिन होता, २००९ मध्ये जेजू बेटाजवळ जाळ्यात सापडलेला, बेकायदा विकला गेलेला. इथे येऊन उड्या मारायचा. लोकांनी ओरड केली, महापौरांनी मनावर घेतलं, समुद्रात जिवंत मासे पकडायची सवय पुन्हा लावली आणि २०१३ च्या जुलैत जेजूलाच सोडून दिला. पाठीवरच्या पंखावर १ आकडा उमटवलाय, त्यामुळे नंतरही कळपात ओळखू यायचा.

सावंत काका: हे आवडलं. बाकी राहिलेल्यांनी काय घोडं मारलंय, हा प्रश्न उरतोच.

निनाद: उरतो. वाघ डोंगरात सोडता येत नाही काका. कोरियाच्या डोंगरात पूर्वी भरपूर होते, आता दक्षिणेत एकही नाही. हे सैबेरियन. मला स्वतःला हत्तींपाशी जास्त वेळ लागतो. गजबा आणि सुगेला, २०१० मध्ये श्रीलंकेने भेट दिलेली जोडी, त्यांना २०१६ मध्ये पिल्लू झालं. बर्फात हत्ती बघून कसंसंच होतं खरं, पण थंडीत त्यांना आत गरम खोली असते.

ईशान: दादा, झेब्रा पळालेला ना तिथून? रस्त्यावर गाड्यांमध्ये फिरत होता, व्हिडिओ बघितलाय.

निनाद: तो चिल्ड्रन्स ग्रँड पार्कचा, सेरो. २०२३ चा मार्च. लाकडी कुंपण तोडून निघाला आणि गल्लीबोळांत तीनेक तास फिरला. शेवटी भुलीचं इंजेक्शन देऊन परत नेला. आईबाप दोघंही गेले होते, एकटा पडला होता. बातम्यांत लोक हसत होते, मग कारण कळल्यावर गप्प झाले.

मेघना: बिचारा.

जोशी काकू: मग ते फुकटचं पार्क का नको? पैसे वाचतील.

निनाद: चांगलं आहे काकू, सपाट आहे, मेट्रोतून वर आलं की दार समोर, सात नंबर लाइन. १९७३ च्या ५ मे ला, इथल्या बालदिनी उघडलं, त्याआधी गोल्फचं मैदान होतं. गुडघ्यांसाठी तेच बरं. पण काचघर छोटं आणि प्राणी थोडे, शनिवार-रविवारी बाबागाड्यांची जत्रा. पाऊस आला किंवा काकांना चढाचा कंटाळा आला तर हे हाताशी ठेवा. ग्रँड पार्कला चार नंबर लाइनने जायचं, स्टेशनचं नावच पार्कचं आहे, दोन नंबरचा दरवाजा. तिथून दारापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं, म्हणून तर पाळणा.

जोशी काकू: आणि खायचं? आम्ही दोघं शाकाहारी.

निनाद: आतल्या दुकानांच्या भरवशावर राहू नका. भाताच्या त्रिकोणी वड्या मिळतात, पण आत बहुधा टूना. किमचीतही माशाचा रस असतो. सरळ पोळी-भाजी न्या. इथले लोकही घरून किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, करून आणतात, झाडाखाली चटई टाकतात, बूट काढून बसतात. तुम्ही डबा उघडलात तर कुणी वळून बघणार नाही. फक्त कचऱ्याची पिशवी बरोबर घ्या, कचराकुंड्या कमी असतात.

जोशी काका: चटई मी घेतो. हत्तीगाडीतून.

मेघना: काकू, तिकडे गूगल मॅप नीट चालत नाही, नेव्हरचं अ‍ॅप टाकून घ्या.

जोशी काकू: बरं. ठरलं तर. शनिवारी संध्याकाळी काचघर, रविवारी पाळणा. निनाद, एप्रिलमध्ये येतोय तर तुझ्यासाठी हापूसची पेटी आणते, पहिला आंबा.

निनाद: काकू नको! ताजी फळं नेऊ देत नाहीत, इंचॉन विमानतळावर उतरल्यावर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. मांसाचं तर विचारूच नका. आंबा आणायचाच तर आमरसाचा डबा आणा, सीलबंद, आणि उतरल्यावर फॉर्ममध्ये लिहा.

सावंत काका: वहिनी, मग ती पेटी सी-१०२ ला पाठवली तरी चालेल.

सेक्रेटरी: टाकी सफाई ११ ला सुरू होईल, माणसं उशिरा येत आहेत. काकू, तिकडच्या त्या काचघराचे फोटो टाका, आमची मुलगी आर्किटेक्चरला आहे.